आधीच्या थापेची आठवण

मृदंगाच्या डाव्या तोंडावर थापलेल्या कणकेकडे श्रोत्यांचे सहसा लक्ष जात नाही. परंतु गंगाखेडसारख्या गावी, जिथे गोदावरीच्या काठावर संत जनाबाईचे नाव भजनाशी कायमचे जोडले गेले आहे, तिथे खर्जाचा जो भरदार ‘धूम’ छातीत उतरतो तो बराचसा त्या ओलसर गोळ्याची करणी असतो. कणकेचे वजन पुडीवर पडले की तिचा मूळ स्वर खाली बसतो आणि वरचे किणकिणणारे उपस्वर दबून जातात, म्हणजेच नको असलेला आवाज अडवून हवा तो पुढे सोडण्याचे, अर्थात फिल्टरचे, काम पिठाचा गोळा करीत असतो. गंगाखेडचा परभणी जिल्हा ज्वारीचा, इथल्या कृषी विद्यापीठाच्या एका ज्वारीच्या वाणाचे नावच ‘परभणी मोती’; तरीही मृदंगाला लागते ती गव्हाचीच कणिक, कारण ज्वारीच्या पिठाला तो चिवट चिकटपणा नाही. भजन रंगत जाते तशी ही कणिक सुकते, आवाज नकळत चढतो, आणि वादक दोन अभंगांच्या मधल्या वेळात ओले बोट फिरवून तिला पुन्हा मऊ करतो.

विजेवर चालणाऱ्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमधील फिल्टर हे या कणकेचे दूरचे भावंड म्हणावे लागेल. अमेरिकी अभियंता रॉबर्ट मूग यांच्या ज्या फिल्टरला 1969 साली पेटंट मिळाले, त्यात ट्रान्झिस्टरच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे एकावर एक रचलेल्या असून पायरीपायरीवर कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा एक लहानसा रांजण, बसवलेला असतो. रांजण भरायला वेळ लागतो आणि रिता व्हायलाही. त्यामुळे सावकाश हलणारी लाट आली तर तो तिच्याबरोबर भरतो आणि ओसरतो, परंतु घाईची लाट तो भरण्याआधीच उलटते, आणि म्हणून उंच स्वर पलीकडे पोचत नाहीत. ज्या कंपनसंख्येपासून ही अडवणूक सुरू होते तिला कटऑफ म्हणतात, आणि त्या सीमेवरचाच आवाज फिरवून पुन्हा आत सोडला की तिथे जो टोकदार घुमार उठतो तो रेझोनन्स, म्हणजे अनुनाद. यातली मेख अशी की ज्या संथपणामुळे फिल्टर गाळू शकतो, त्याच संथपणामुळे त्याला मागचे चटकन विसरता येत नाही. मागचे काहीच न आठवणारा फिल्टर मागणे म्हणजे न ओली होणारी कणिक मागण्यासारखे आहे.

सावकाश चाललेल्या सुरावटीत ही गोष्ट कानाला जाणवत नाही, पण आघातांची गर्दी झाली की ती उघडी पडते. मिनिटाला 120 मात्रांची लय धरून प्रत्येक मात्रेचे चार भाग केले, तर सीक्वेन्सर, म्हणजे ठरलेल्या क्षणी ठरलेला विद्युतदाब पाठवणारे यंत्र, दर 125 मिलिसेकंदांनी फिल्टरला नवा हुकूम देते. कटऑफ 1000 हर्ट्झवर असेल आणि अनुनादाचा गुणांक 10 असेल, तर घुमार सुमारे 22 मिलिसेकंदांत हजारांशावर येऊन ठेपतो आणि पुढच्या ठोक्याला कोरी पाटी मिळते. मात्र त्याच गुणांकाने कटऑफ 100 हर्ट्झवर आणला की तेवढ्याच उताराला सुमारे 220 मिलिसेकंद लागतात, म्हणजे पुढचा ठोका येऊन गेला तरी मागचा अजून बोलतच असतो. अशा वेळी सीक्वेन्सरने कटऑफ एकदम वर उचलला, तर कपॅसिटरमध्ये उरलेला भार नव्या उंचीवर कंप पावू लागतो आणि एकच ठोका, त्याच्याआधी काय वाजले होते यावरून, निराळा ऐकू येतो. परभणीने राजाराम कदम यांच्यासारखा गोंधळी महाराष्ट्राला दिला, तेव्हा इथल्या श्रोत्याला ही गोष्ट नवी वाटू नये. गोंधळ्याच्या संबळाच्या मोठ्या तोंडाचा घुमार विरायच्या आत लहान तोंडावर काडीचे कित्येक ठोके पडून जातात, आणि त्या घुमारावर पडलेला ठोका कोरड्या ठोक्यासारखा कधीच वाजत नाही.

याच दोषातून काही यंत्रांची कीर्ती झाली आहे. रोलंड कंपनीच्या 1980 सालच्या टीआर-808 या तालयंत्रातला खर्जाचा ठोका म्हणजे विजेचा एक धक्का देऊन स्वतःशीच घुमायला सोडलेला फिल्टरच आहे. तिच्याच टीबी-303 मध्ये सलग मात्रांवर जोर दिला, की एक कपॅसिटर पुरता रिता होण्याआधी पुन्हा भरतो आणि फिल्टरची प्रत्येक पुढची झेप आधीच्या झेपेहून वर जाते. मुंबईचे चित्रपटसंगीतातले वादक चरणजित सिंग यांनी 1982 साली हीच दोन यंत्रे, जोडीला ज्युपिटर-8, घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर ध्वनिमुद्रित केले. त्या तबकडीची तेव्हा फारशी कोणी दखल घेतली नाही. तिचे कौतुक झाले ते पंचविसेक वर्षांनी, आणि तेही परदेशातून सुरू झाले. आज लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या ऑक्टोपॅडला असली स्मृती नसते. त्यात साठवलेला ठोका शंभराव्या वेळीही पहिल्यासारखाच निघतो, आणि ती सोय असली तरी कान लवकर कंटाळतो.

उरला प्रश्न उन्हाचा, आणि तो परभणीत टाळता येण्यासारखा नाही. एखाद्या हिवाळ्यात इथला पारा पहाटे 5 अंशांखाली जातो, तर मे महिन्यातल्या दुपारी 43 अंशांच्या आसपास चढतो. ट्रान्झिस्टरचा स्वभाव असा की तापमान एका अंशाने वाढले तर दाबाला मिळणारा प्रतिसाद सुमारे एक तृतीयांश टक्क्याने घटतो. त्यामुळे भरपाईची तजवीज नसलेल्या फिल्टरमध्ये, मूळ जागेपासून तीन सप्तके वर लावलेला कटऑफ 30 अंशांच्या फरकाने पेटीच्या जवळपास साडेतीन पट्ट्या खाली घसरतो. हलगीचे मात्र नेमके उलटे: उष्णतेने चामड्यातला ओलावा उडतो, ते आवळते आणि आवाज चढतो. फिल्टर बनवणारे यावर उपाय म्हणून तापमानाबरोबर बदलणारा एक रोधक ट्रान्झिस्टरच्या अंगाला अंग लावून बसवतात. हलगीवाला रस्त्याच्या कडेला कागद पेटवतो, चामडे ज्वाळेवर फिरवतो, टिपरू एकदा मारून कान देतो, आणि ताव कमी वाटला तर हलगी पुन्हा आगीवर धरतो.