बायोडाटामधील एक ओळ

थोरल्या बाजींच्या लेकीसाठी रिश्ता पाहणे सुरू झाले, तेव्हाची गोष्ट. शाळेत उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवत असल्याने खानदानातील अर्ज, दावतनामे, बायोडाटा लिहिण्याचे काम आमच्याकडेच येते. तसा हाही आला. आम्ही 'रंग गव्हाळ' असे लिहिले. बाजी म्हणाल्या, "गोरा लिही गं, सगळेच लिहितात." आम्ही खोडून 'गोरा' लिहिले. उर्दू प्रतीतही 'गंदुमी' काढून टाकले.

तीन महिन्यांनी भाची सुटीत आमच्याकडे आली. गाल लालबुंद, हनुवटीवर पुरळ, उन्हात गेली की चेहऱ्याची आग. खोदून विचारल्यावर तिने पर्समधून एक छोटी डबी काढली. पार्लरमधून घेतलेली. वर परकी अक्षरे. बनवणाऱ्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही, घटकांची यादी नाही. आम्ही रागावलो. ती शांतपणे म्हणाली, "खाला, गोरा तुम्हीच लिहिलंत ना? पाहायला येणाऱ्यांना मी काय दाखवू?"

आमच्याकडे उत्तर नव्हते.

त्वचेच्या डॉक्टरांनी डबी पाहूनच मान हलवली. त्यांच्या मते त्यात स्टिरॉइड असावे. अशा क्रीमने चेहरा काही दिवस उजळतो, मग कातडी पातळ होते, पुरळ येते, आणि क्रीम बंद करताच आग वाढते. म्हणून बंद करायचे तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. त्यांनी लघवीची तपासणीही सांगितली. चेहऱ्याचा आणि लघवीचा काय संबंध, असे आम्ही विचारले. "पारा," ते म्हणाले.

पारा त्वचेत रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, म्हणून गोरे करणाऱ्या बेकायदा क्रीममध्ये तो घालतात. तो कातडीतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडावर घाव घालतो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विकाराचे 22 रुग्ण तपासले. त्यांपैकी 15 जणांत या विकाराचा एक विरळ प्रकार आढळला आणि त्या 15 पैकी 13 जण गोरेपणाचे क्रीम लावत होते. लघवीला फेस येणे, पाय व चेहरा सुजणे ही त्याची लक्षणे. शिवाय पाऱ्याची वाफ होते आणि तो टॉवेल-उशीलाही लागतो. क्रीम न लावणारी घरातील लहान मुलेही त्यातून सुटत नाहीत.

मग यावर बंदी का नाही? बंदी आहे. आपल्या 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये पारा घालता येत नाही. नकळत आलेला अंशही दहा लाख भागांत एकाहून अधिक चालत नाही. स्टिरॉइडची गोष्ट वेगळी. ते औषध आहे, इसबाच्या रुग्णाला त्याची गरज असते. म्हणून त्यावर बंदी नको, नियंत्रण हवे. 2018 मध्ये अशी 14 स्टिरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत, असा नियमही झाला.

गंमत पाहा. पाश्चात्त्य देशांत गोरे लोक कातडी सावळी करण्यासाठी पैसे देऊन अतिनील दिव्यांच्या पेटीत झोपतात. 2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या पेट्यांना कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकले. त्याच वर्षी ब्राझीलने त्यांवर बंदी आणली, पुढे ऑस्ट्रेलियाने त्यांचा धंदा बंद केला. पण ती पेटी दुकानात उभी असते, निरीक्षकाला दिसते. आपली डबी पर्समध्ये असते. तिथवर सरकारचा हात पोहोचत नाही; घरच्यांचाच पोहोचतो.

म्हणून घरातली डबी एकदा उलटून पाहा. उत्पादकाचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच, मुदत, घटक यांपैकी काही नसेल तर ती वापरू नका. घटकांत मर्क्युरी किंवा कॅलोमेल असेल तर ती घरात ठेवू नका. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन ही नावे दिसली तर ते औषध आहे, हे ओळखा.

आणि आपली जीभही एकदा तपासून पाहा. निरोपाच्या हजमध्ये पैगंबरांनी (स.) काळ्या-गोऱ्याचा मोठेपणा मोडीत काढला, हे आम्ही वर्गात दरवर्षी शिकवतो. घरी मात्र "सावळी आहे, पण नाकीडोळी छान" म्हणतो. त्या 'पण'ची किंमत मुलगी चुकवते.

भाचीचा अहवाल चांगला आला, अल्हम्दुलिल्लाह. चेहरा निवळायला सहा महिने लागले. बायोडाटा आम्ही पुन्हा लिहिला. बाजींनी वाचला आणि विचारले, "रंगाची ओळ कुठे गेली?"

"काढली," आम्ही म्हणालो. बाजी काही बोलल्या नाहीत. भाचीने मात्र तो कागद स्वतःच्या हाताने पाकिटात घातला.