जीपचे दात आणि घरचा हिशेब

कष्टकऱ्याच्या घरात गाडी येते ती मिरवायला येत नाही, कमावणारे एक माणूस वाढावे म्हणून येते. म्हणून तिच्या खाण्यापिण्याचा आणि आजारपणाचा हिशेब घरातल्या बाईनेही समजून घ्यायला हवा, असे माझे मत आहे. आमच्या घरी जुनी जीप आहे. मंडप आणि लाऊडस्पीकरचा छोटा व्यवसाय तिच्यावर चालतो. मागे ट्रेलर असतो, त्यात बासे, कनाती, चार पेट्या आणि जनरेटर. आर्णी-दिग्रसच्या बाजूची खेडी, कधी पुसद-महागावचे चढ, आणि वर्षातून एकदा अशोक विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी, एवढा तिचा संसार आहे. डिझेलची वही माझ्याकडे असते.

ही जीप मूळची पेट्रोलची. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या परवान्याने ज्या जीप बनवल्या, त्यांतल्या कितीतरी जीपमध्ये हरिकेन नावाचे २,१९९ सीसीचे पेट्रोल इंजिन असे. ताकद चांगली, पण पेट्रोल असे पिणार की गरिबाने हात टेकावेत. म्हणून विदर्भातल्या अनेक मालकांनी पेट्रोल इंजिन काढून डिझेलचे बसवून घेतले. आमच्या आधीच्या मालकानेही तेच केले आणि आर.सी. बुकात तशी नोंद करून घेतली. मात्र मागचा एक्सल जुनाच राहिला. पुढे आमच्या घरात जो वाद झाला, त्याचे मूळ इथे आहे.

इंजिनचे फिरणे चाकापर्यंत जाते तेव्हा मागच्या गोळ्यात, म्हणजे डिफरन्शियलमध्ये, दोन चाकांची जोडी असते. लहान ते पिनियन, मोठे ते क्राऊन. आमच्या जीपच्या पिनियनला ८ दात आणि क्राऊनला ४३. ४३ ला ८ ने भागले की ५.३८ येतात. याचा अर्थ इंजिनकडून येणारा शाफ्ट ५.३८ वेळा फिरला की चाक एकदा फिरते. आकडा मोठा, तर ओढ जास्त आणि वेग कमी. आकडा लहान, तर वेग जास्त आणि ओढ कमी. विहिरीवरच्या रहाटाचे गणित ज्याला कळते त्याला हेही कळते.

पेट्रोलचे ते इंजिन मिनिटाला ४,००० फेऱ्यांपर्यंत पळणारे होते, त्याला ५.३८ शोभत होते. ट्रॅक्टरच्या वंशाचे जुने डिझेल इंजिन मात्र हळू चालीचे. ओढ खालीच देते, आणि तीन-सव्वातीन हजारांच्या पुढे पळवले की कण्हते, तापते, आयुष्य घटवते. आम्ही अंगणात टायरवर खडूची खूण करून गाडी एक फेरा ढकलली, तर अंतर भरले सव्वादोन मीटर. म्हणजे एका किलोमीटरला चाक ४४४ वेळा फिरते. ताशी ६० चा वेग म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या गिअरमध्ये शाफ्ट आणि इंजिन सारखेच फिरतात. तेव्हा ४४४ गुणिले ५.३८, म्हणजे ६० च्या वेगाला इंजिनच्या सुमारे २,४०० फेऱ्या होतात. ८० ला जवळजवळ ३,२००. नागपूरच्या रस्त्यावर आमची जीप का ओरडत होती, ते वहीच्या एका पानावर उमगले.

माझा पुतण्या आय.टी.आय.त मोटार मेकॅनिक शिकला आहे. तो एक दिवस म्हणाला, "काकू, मिस्त्री म्हणते का सत्तेचाळीस-अकराचा सेट टाका. ऐंशीवर भी गाडी आवाज नाई करत. डिझेल भी वाचते." ४७ भागिले ११ म्हणजे ४.२७. हिशेब केला तर त्याचे म्हणणे खोटे नव्हते. ६० च्या वेगाला इंजिनच्या फेऱ्या १,९०० वर येतात. आमचे हे म्हणाले, "ट्रेलर कोण ओढीन मंग? जुनं आहे थेच बरं." तेही खोटे नव्हते. घरात दोन तट पडले. सेटची किंमत म्हणजे आमची दोन महिन्यांची शिल्लक. शिवाय लेकरे त्याच जीपमध्ये मागे बसतात. तेव्हा कोणाचा आवाज मोठा यावर हा निर्णय होऊ द्यायचा नाही, असे मी ठरवले.

मी स्वतः एका गॅरेजमध्ये विचारायला गेले. गाडीत आता कोणता सेट आहे हे कसे ओळखायचे, एवढाच माझा प्रश्न होता. उत्तर मिळाले, "बाई, तुम्हाला यातलं काय समजणार? गाडी आणून सोडा." हे वाक्य आपल्या माणसांना नवे नाही. दवाखान्यात, कचेरीत, बँकेत ते आपण ऐकत आलो. ज्ञान कुलुपात ठेवायचे आणि किल्ली आपल्याकडे ठेवायची, ही या देशाची जुनी रीत आहे. फक्त कुलूप बदलत गेले.

केसपुत्त गावच्या कालामांनी भगवान बुद्धांना विचारले होते की, येणारा प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, मग आम्ही मानावे कोणाचे? ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, सांगणारा मोठा आहे, एवढ्यावरून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा त्या उपदेशाचा आशय आहे. वंदनेला बसताना आपण तो ऐकतो. जीपच्या खाली वाकतानाही तो चालतो, हे मी अनुभवाने सांगते.

गोळा न खोलता दात मोजता येतात. पुढच्या दोन्ही चाकांना मागून-पुढून दगड लावायचे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची. या जुन्या जीपचा हातब्रेक शाफ्टलाच धरतो, म्हणून तो सोडायचा, आणि म्हणूनच दगड पक्के हवेत. मागचे एकच चाक जॅकवर उचलायचे, दुसरे जमिनीवर राहू द्यायचे. जॅकवर भरवसा नको, एक्सलखाली लाकडी ठोकळा द्यायचा. शाफ्टवर आणि उचललेल्या चाकावर खडूची खूण करायची. एक चाक अडलेले असले की डिफरन्शियल फिरणे अर्धे करते, म्हणून उचललेले चाक दोनदा फिरवले तर तो एक फेरा धरायचा. आम्ही चाक वीसदा फिरवले. नववीतली माझी मुलगी शाफ्टच्या खुणेकडे बघत मोठ्याने मोजत होती. पावणेचोपन्न फेऱ्या आल्या. दहाने भागले, ५.३८. पुतण्या हसायला लागला. त्याला हे पुस्तकात शिकवले होते, पण कोणी करून दाखवले नव्हते.

मग मी वही काढली आणि वर्षभराच्या फेऱ्या तपासल्या. दहातल्या आठ फेऱ्या खेड्यांच्या होत्या, ट्रेलरसह, तीस-चाळीसच्या वेगाने. डांबरी लांब रस्ता दहातून दोनदाच. ज्या कामासाठी गाडी रोज जुंपायची त्याचा विचार आधी, सणाच्या दिवसाचा नंतर, हे बैलजोडी घेतानाही आपले वडीलधारे बघत.

आमच्या जीपला मूळचा तीन गिअरचाच बॉक्स आहे. पहिला गिअर २.८० चा, दुसरा १.५५ चा, तिसरा सरळ. पहिल्या गिअरमध्ये ५.३८ चा एक्सल इंजिनची ओढ १५ पट करतो. ४.२७ चा फक्त १२ पट. पाचवा हिस्सा ओढ गेली. काळ्या मातीतून भरला ट्रेलर काढताना ही वजावट क्लचच्या प्लेटीतून वसूल होते.

डिझेल वाचेल, ही गोष्टही चढावर उलटते. पुसदच्या अंगाला ज्या चढावर जुना एक्सल तिसऱ्या गिअरमध्ये कसाबसा ओढतो, तिथे ४.२७ चा तिसरा गिअर दम सोडणार. मग दुसरा टाकावा लागणार. दुसऱ्या गिअरचे १.५५ गुणिले ४.२७, म्हणजे ६.६२. जुन्या एक्सलचे तिसऱ्या गिअरमध्ये होते ५.३८. याचा अर्थ त्याच चढावर, त्याच वेगाला इंजिन आधीपेक्षा जास्त फिरणार. सपाटीवर वाचवलेले डिझेल चढाने परत घेतले.

आणि सर्वांत मोठी गोष्ट ब्रेकची. गाडीचा वेग वाढतो, ब्रेकचे ड्रम तेच राहतात. ६० वरून ८० वर गेलात तर ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला लागणारे अंतर तिप्पट-चौपट होत नाही, पण पावणेदोन पटींहून अधिक होते, कारण ते वेगाच्या वर्गाने वाढते. उतारावर गिअरमध्ये ठेवलेले इंजिन गाडीला मागे धरते, ती पकडही ४.२७ मध्ये सैल होते. १४ एप्रिलच्या दिवसांत आमची माणसे कार्यक्रम आटोपून, रात्री दहाला स्पीकर बंद करून, कनाती गुंडाळून मध्यरात्री परततात. डोळ्यांवर झोप असते. पुतण्याला मी एवढेच विचारले, "बाळा, त्या वेळी गाडी ऐंशीने धावू शकते, हे चांगलं का वाईट?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "काकू, मधलं काही मिळते का बघू."

मधले मिळाले. ३९ आणि ८ दातांचा सेट, ४.८८ चा. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी विलीज जीपला हाच आकडा होता. त्यात ६० च्या वेगाला इंजिन सुमारे २,१७० फेऱ्या घेते. ओढ फक्त नऊ टक्क्यांनी घटते. दीडशे किलोमीटरच्या नागपूरला ५० ऐवजी ६० ने सुखाने गेलो तर तीन तासांचे अडीच होतात. अर्धा तास पुरे आहे.

सेट घेताना एका दुकानात जुने क्राऊन आणि नवे पिनियन अशी जोड स्वस्तात देऊ केली. ती घेतली नाही. ही दोन्ही चाके एकमेकांवर घासून जुळवलेली असतात, जोडी मोडली की गोळा हूं-हूं करतो आणि थोड्या दिवसांत दात जातात. जोडीवरचे नंबर जुळतात का ते बघून घ्यावे. बसवताना दातांना रंग लावून त्याचा ठसा दाताच्या मध्यावर पडतो का, हे मिस्त्रीकडून दाखवून घ्यावे. नवे तेल घालावे, पहिल्या वीस-तीस किलोमीटरनंतर गोळा थंड होऊ द्यावा, आणि सुरुवातीचे काही दिवस ट्रेलर जोडू नये. ज्यांच्या जीपचा पुढचा एक्सलही चालू आहे त्यांनी दोन्हीकडचा आकडा एकच ठेवावा. नाही तर फोर-व्हील टाकताच पुढची आणि मागची चाके एकमेकांशी भांडतात आणि काहीतरी तुटते. आमच्या जीपचा पुढचा शाफ्ट आधीच काढलेला होता, म्हणून एकाच सेटवर भागले.

सेट बसल्यावर पंधरा दिवसांनी घरात पुन्हा कुजबुज झाली. आधी लिटरला ११ किलोमीटर पडत होते, वहीत आता १०.४ दिसत होते. "पैसा पाण्यात गेला," असे आमचे हे म्हणाले. पण या जीपचे मीटर शाफ्टच्या बाजूने चालते, चाकावरून नाही. शाफ्ट आता किलोमीटरला कमी फिरतो, म्हणून मीटरही कमी मोजते. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून पाहिले, तर खऱ्या १०० किलोमीटरला मीटर ९१ दाखवत होते. १०.४ ला ०.९१ ने भागले की जवळजवळ साडेअकरा येतात. डिझेल वाचतच होते. ही गोष्ट पैशापुरती नाही. मीटरवर ६० दिसतात तेव्हा गाडी ६६ ने धावत असते, हे चालवणाऱ्याला माहीत हवे. आम्ही मीटरच्या काचेखाली तशी चिठ्ठी चिकटवली आहे.

कायद्याचेही बघावे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायचे तर आर.टी.ओ.ची मंजुरी आणि आर.सी.त नोंद लागते. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही गाडीतील फेरफारांबाबत कडक भूमिका घेतली. म्हणून कोणताही बदल करण्याआधी आर.टी.ओ. कचेरीत आणि विमा कंपनीत लेखी विचारावे. अपघातानंतर कागद शोधण्याची पाळी आपल्या कोणावर येऊ नये.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते, आणि कामगारांना यंत्रांचे शिक्षण देण्याच्या योजना त्या खात्याकडे होत्या. यंत्राचे ज्ञान आपल्या माणसाच्या हाताला मिळाले की तो हात कोणापुढे पसरत नाही. आज आपली मुले आय.टी.आय.ला जातात, मुलींनीही जावे. नववीच्या पुस्तकातले गुणोत्तर आणि प्रमाण परीक्षेपुरते नाही, ते अंगणातल्या जीपच्या खाली आहे, शिलाई मशीनच्या पट्ट्यात आहे, सायकलच्या साखळीत आहे. या रविवारी विहारातून आल्यावर मुलांना सायकल उलटी करून दाखवा. पुढचे दात मोजू द्या, मागचे मोजू द्या आणि भागाकार त्यांनाच करू द्या.