वाळवंटांतील फिरतीं घरें

प्रवासवर्णनांत धबधबे, राजवाडे आणि हिमाच्छादित शिखरें यांची रेलचेल असते. परंतु प्रवाशाच्या न्हाणीघरांतील पाणी शेवटीं कोठें जातें, हा प्रश्न सहसा कोणी काढीत नाहीं. विषय अमंगळ खरा. तथापि तो टाळून संसार कोणाचाही चालत नाहीं. अमेरिकेंतील ज्या गांवाची हकीकत आम्ही येथें सांगणार आहों, तेथें तर हा प्रश्न दर चार-आठ दिवसांनीं दाराशीं येऊन उभा राहतो.

गांवाचें नांव क्वार्ट्झसाइट. अ‍ॅरिझोना राज्याच्या पश्चिम भागांत, फीनिक्स शहरापासून सुमारें १३० मैलांवर, महामार्ग क्रमांक १० व क्रमांक ९५ जेथें एकमेकांस छेदतात तेथें तें वसलें आहे. कोलोरॅडो नदी व तिच्यापलीकडील कॅलिफोर्निया येथून अवघी वीसेक मैल. सन २०२० च्या शिरगणतींत येथील वस्ती अडीच हजारांच्याही आंतच भरली; म्हणजे आपल्याकडील एखाद्या मध्यम खेड्याएवढी. उन्हाळ्यांत उष्णतामान ११० अंश फॅरनहाइटच्याही वर चढतें आणि भर दुपारीं रस्त्यावर चिटपांखरूं दिसत नाहीं. पण थंडी पडूं लागली कीं गांवाचा नूर पालटतो. उत्तरेकडील बर्फाळ मुलुखांतून आणि कॅनडांतून हजारों वृद्ध दांपत्यें आपापलीं घरें चाकांवर घालून येथें उतरतात. या लोकांस तिकडे 'हिमपक्षी' असें गमतीचें नांव आहे. जानेवारींत रत्नें, खनिजें व नानाविध दगड यांचा मोठा बाजार भरतो. ही प्रथा १९६७ पासून चालत आलेली आहे.

या गांवच्या स्मशानभूमींत एक चमत्कारिक स्मारक आहे. दगडांचा लहानसा पिरॅमिड आणि त्याच्या टोंकावर तांब्याचा उंट! सन १८५६ मध्यें अमेरिकन लष्करानें वाळवंटांत ओझें वाहण्यासाठीं उंट आणविले आणि त्यांच्याबरोबर तुर्की साम्राज्यांतून हाजी अली नांवाचा एक उंटवाला आला. इकडील लोकांच्या तोंडीं त्याचा 'हाय जॉली' झाला. पुढें यादवी युद्धाच्या धामधुमींत उंटांची योजना बारगळली, उंट विकले गेले वा मोकाट सुटले. हाजी अली मात्र याच मुलुखांत राहिला व १९०२ सालीं येथेंच वारला. त्याचें हें स्मारक १९३५ सालचें. मुंबईच्या माणसास हें नांव ओळखीचें वाटून तेथें घटकाभर थांबावेंसें वाटतें. निर्जळ मुलुखांतून जावयाचें तर पाणी बरोबर वाहिलें पाहिजे, हें या उंटवाल्याच्या काळीं जितकें खरें होतें तितकेंच आजही आहे; फक्त उंटाची जागा मोटारीनें घेतली आहे.

गांवाच्या दक्षिणेस ला पोसा नांवाचें विस्तीर्ण सरकारी माळरान आहे; अकरा हजार एकरांहून अधिक. मध्यवर्ती सरकारच्या जमीन-व्यवस्था खात्यानें १९८३ पासून अशा दीर्घ मुक्कामाच्या जागा आंखून दिल्या आहेत. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या मोसमांत परवाना काढावा, आणि मनास येईल तेथें बिऱ्हाड मांडावें. भोंवतीं क्रिओसोटचीं झुडपें, तुरळक आयर्नवुडचीं झाडें, क्षितिजावर उघडे डोंगर. दारापाशीं ना नळ, ना वीज, ना गटार. मात्र शौचकूप जवळ नसेल तेथें उतरावयाचें तर गाडींत निदान दहा गॅलनांची, म्हणजे सुमारें ३८ लिटरांची, पक्की बसविलेली सांडपाण्याची टांकी असली पाहिजे. मैलाच काय, भांडीं धुतलेलें पाणीही वाळूवर ओतण्यास मनाई आहे.

आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त फीनिक्स येथें असतात. त्यांनीं आठ दिवसांसाठीं एक मोटारघर भाड्यानें घेतलें व आम्ही उभयतां, ते, सूनबाई आणि नातू अशीं पांच माणसें जानेवारींत येथें येऊन राहिलों. मोटारघराच्या पोटांत तीन टांक्या असतात. पहिली स्वच्छ पाण्याची. दुसरी मोरी व न्हाणी यांच्या सांडपाण्याची, तिला 'करडी टांकी' म्हणतात. तिसरी शौचकूपाची, ती 'काळी'. साधारणतः प्रत्येक टांकींत तीस-चाळीस गॅलन मावतात. घरीं नळ सोडल्यावर पाणी किती वाहिलें याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. येथें भिंतीवरील दिवे तो हिशेब घडोघडीं दाखवितात. वरची टांकी रिती होते तितकीच खालची भरते, हा साधा व्यवहार आमच्या सात वर्षांच्या नातवासही दुसऱ्या दिवशींच कळला.

दुष्काळी भागांत बाळपण गेलेल्या आमच्या कुटुंबास या संसाराचें कांहींच वाटलें नाहीं. "अहो, आमच्या माहेरीं दोन तांब्यांत आंघोळ होत असे," असें म्हणून त्यांनीं भांडीं प्रथम कागदानें पुसावीं, मग घमेल्यांत विसळावीं आणि तें विसळवणी शौचकूपांत ओतण्यासाठीं राखून ठेवावें, अशी शिस्त घालून दिली. सूनबाई म्हणाल्या, "आई, हें इथल्या पुस्तिकेंतही लिहिलेलें नाहीं!" या शिस्तीमुळें तीन दिवसांची टांकी आम्हांस पांच दिवस पुरली.

सहाव्या दिवशीं टांक्या रित्या करणें प्राप्त झालें. याकरितां जीं ठिकाणें असतात त्यांस 'डंप स्टेशन' म्हणतात. परवानाधारकांसाठीं ला पोसाच्या दक्षिण भागांत असें एक ठिकाण आहे. गांवांतही खासगी तळांवर पैसे भरून ही सोय मिळते. आम्ही ला पोसाच्या स्टेशनावर भल्या सकाळीं गेलों, तरी पुढें सात-आठ गाड्या उभ्या होत्या.

स्टेशन म्हणजे दिसावयास कांहींच नव्हे. जमिनींत झांकणाचें एक तोंड आणि शेजारीं धुण्यासाठीं एक नळ. या नळाचें पाणी पिण्याचें नव्हे, हें पक्कें ध्यानांत ठेवावें. पिण्याचें पाणी घेण्याची जागा व नळी दोन्हीं निराळीं. पिण्याच्या पाण्याची नळी बहुधा पांढरी असते व तिचा मैल्याच्या नळीस स्पर्शही होऊं देत नाहींत. आमच्या कुटुंबानें हें पाहून समाधानानें मान डोलावली. सोवळ्याओवळ्याचा याहून शास्त्रशुद्ध प्रकार त्यांस इतरत्र कोठें आढळला नव्हता.

कृति अशी. हातांत रबरी हातमोजे घालावे. तीन इंच व्यासाची जाड नळी गाडीच्या तोंडास फिरवून घट्ट बसवावी, दुसरें टोंक जमिनींतील तोंडांत खोंचावें व निसटूं नये म्हणून त्यावर वजन ठेवावें. नळीस गाडीकडून खालीं उतार असावा. प्रथम काळ्या टांकीची झडप उघडावी आणि ती पूर्ण रिती झाल्यावर बंद करावी. मग करड्या टांकीची उघडावी, म्हणजे साबणाचें पाणी जातां जातां नळी आपोआप धुऊन निघते. हा क्रम उलटा करूं नये. काळी टांकी निदान दोन-तृतीयांश भरल्याखेरीज सोडूं नये, कारण पाण्याचा जोर नसला तर पातळ तेवढें वाहून जातें आणि घट्ट मागें राहतें. त्याच कारणास्तव ही झडप सदा उघडी ठेवण्याचीही सोय नाहीं. शेवटीं नळी धुवावी, जागा धुवावी, झांकण लावावें आणि काळ्या टांकींत थोडें नवें पाणी घालून निघावें. दुर्गंधी मारण्यासाठीं कांहीं लोक फॉर्मल्डिहाइडयुक्त औषध वापरतात. पण त्यानें सेप्टिक टांकींतील मैला कुजविणारे जंतुच मरतात, म्हणून जाणते लोक तें टाळतात.

हें सर्व चिरंजीव करूं लागले तेव्हां आम्हीं हातमोजे मागितले. "बाबा, तुम्ही गाडींत बसा. हें काम तुमचें नाहीं," असें ते म्हणाले. आम्हीं विचारलें, "मग कोणाचें?" त्यांस उत्तर सुचलें नाहीं व त्यांनीं मुकाट्यानें दुसरी जोडी काढून दिली. आमच्या पुढच्या गाडीवाले वृद्ध गृहस्थ एका विद्यालयांत गणित शिकवून निवृत्त झालेले होते. आपलें काम आटोपून त्यांनीं नळ आमच्या हातीं दिला आणि हवापाण्याच्या गोष्टी काढल्या. रांगेंत लक्षाधीश असतील, कामकरी असतील. प्रत्येक जण आपल्या घरचें आपण निस्तरीत होता, आणि त्यांत कोणास कमीपणा वाटत असल्याचें दिसलें नाहीं.

नळी धुतांना आम्हांस आमच्या जुन्या वाड्याचें मागील दार आठवलें. टोपलीचे संडास होते. पहाटे मागच्या बोळांतून एक बाई येत व मैला डोक्यावरून नेत. वाड्यांत तीस माणसें नांदत होतीं. पण त्या बाईंचें नांव त्यांपैकीं कोणास ठाऊक होतें, असें आम्हांस स्मरत नाहीं. सन १९३२ मध्यें रत्नागिरीच्या तुरुंगांत आप्पासाहेब पटवर्धनांनीं मैलासफाईचें काम आपणांस द्यावें असा आग्रह धरला. तें नाकारलें गेल्यावर त्यांनीं अन्नत्याग केला, आणि त्यांच्यासाठीं येरवड्यास गांधीजींनींही उपवास आरंभिला. ब्राह्मण घरांत जन्मलेल्या त्या पुरुषाची ही गोष्ट आमच्या वाड्यांत आदरानें सांगितली जाई. मागच्या दाराची व्यवस्था मात्र तशीच राहिली. हातानें मैला उपसून घेण्यास बंदी करणारे कायदे आपल्याकडे १९९३ व २०१३ सालीं झाले. तरी गटारांत उतरून माणसें गुदमरल्याच्या वार्ता अद्याप वाचावयास मिळतात. अमेरिकेंतही सारेंच न्याय्य आहे असें नव्हे. नळाच्या तोंडापलीकडील मैल्याची व्यवस्था तेथेंही पगारी माणसेंच पाहतात. पण निदान त्या तोंडापर्यंत तो ज्याचा त्यानें पोंचवावयाचा, एवढी शिस्त या माळरानानें लावून दिली आहे.

या शिस्तीस कारणही तसेंच आहे. पाऊस अत्यल्प, त्यामुळें वाळूवर सांडलेलें धुऊन जावयास वर्ष-वर्ष लागतें. आणि पाऊस आलाच तर गांवांतून जाणारा टायसन वॉश नांवाचा कोरडा ओढा एकाएकीं दुथडी वाहतो व वाटेंतील घाण पुढच्याच्या दारीं नेऊन टाकतो.

ज्या वाचकांचीं मुलें परदेशीं आहेत, त्यांस केव्हां तरी अशा सफरीचा आग्रह होईलच. त्यांनीं अवश्य जावें. रात्रीं तेथील आकाश पाहण्यासारखें असतें, आणि पहांटे थंडी मी म्हणते. लोकरीची शाल विसरूं नये. डंप स्टेशनवर शक्य तर आडवारीं, सकाळीं लवकर जावें, जादा हातमोजे जवळ ठेवावे, आणि मागें गाड्या उभ्या असतां तेथें रेंगाळूं नये. परंतु घरांतील वडील माणसास त्या वेळीं गाडींत बसवून ठेवूं नये. निदान एकदां तरी ती नळी त्याच्या हातीं द्यावी.