पाहुण्यांच्या फोनमधलं लग्न



फेब्रुवारीत लेकीचं लग्न झालं. तुमच्यापैकी कितीतरी जणी आला होतात. त्यानंतर बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही, कारण कार्य उरकलं तरी काम उरकत नाही. आहेराची वही, भाड्याची भांडी, उरलेल्या बुंदीच्या लाडवांचे डबे घरोघरी पोहोचवणं, हे सगळं असतंच. यंदा त्यात एक नवं काम आलं. पाहुण्यांनी आपापल्या फोनवर काढलेले फोटो गोळा करायचे.

लेक बंगळूरला निघताना म्हणाली, "आई, फोटोग्राफरचे येतील तेव्हा येतील. मला सगळ्यांच्या फोनमधले हवेत." मी हो म्हटलं. मला वाटलं, काय मोठंसं, ग्रुपवर एक मेसेज टाकला की झालं.

टाकला. 'लग्नाचे फोटो ज्यांच्याकडे असतील त्यांनी कृपया पाठवावेत.' चाळीस जणांनी हात जोडल्याचं चित्र पाठवलं, दोघींनी 'लग्न फार छान झालं' लिहिलं, आणि फोटो आले एकूण सहा. त्यातले दोन जेवणाच्या ताटाचे.

तेव्हा पहिला धडा मिळाला. सगळ्यांना मिळून मागितलं की कुणालाच मागितल्यासारखं होतं. मग मी वही घेतली आणि एकेकीला फोन लावला. "मामी, बांगड्या भरताना तुम्ही खिडकीपाशी उभ्या राहून काढत होतात, ते द्या." "वहिनी, विनायक यंत्राची पूजा चालली होती तेव्हा तुमचा मुलगा पुढेच बसला होता, त्याच्या फोनवर बघा." असं नेमकं विचारलं की माणूस लगेच शोधतो. आणि विचारायचं ते आठवड्याच्या आत. एका चुलत जावेला मी महिन्याने विचारलं, तर ती म्हणाली, "अगं, फोन भरला म्हणून मुलाने सगळं पुसून टाकलं." आपण ज्याला जन्माची आठवण म्हणतो ती दुसऱ्याच्या फोनमधली अडगळ असते. त्यात तिची चूक काहीच नाही.

दुसरा धडा भाच्याने दिला. व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की तो आकसतो. फोनवर बघायला बरा दिसतो, लहान प्रतही निघते, पण भिंतीवर लावायला मोठा करून घेतला की चेहरे धुरकट होतात. शिवाय फोटो केव्हा काढला ती वेळही त्यात राहत नाही. त्यामुळे माझ्याकडे पाठवणीच्या नंतर हळद आली होती आणि हळदीच्या आधी अक्षता. तोच फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा येतो. नाहीतर गूगल फोटोजमध्ये एक शेअर्ड अल्बम करून त्याची लिंक द्यायची, ज्याने त्याने आपले फोटो त्यात टाकायचे. गूगलची फुकट जागा १५ जीबी, आणि त्यात मेलही आले. ज्याने फोटो टाकला त्याच्या जागेत तो मोजतात, आणि आपण तो आपल्याकडे सेव्ह केला की आपल्या जागेत. मला हे आधी माहीत असतं तर कार्यालयाच्या दारात, अत्तरदाणीशेजारीच त्या लिंकचा क्यूआर कोड छापून ठेवला असता.

पण आपल्या वडीलधाऱ्यांना ना लिंक कळते ना कोड. त्यांच्यासाठी मी केबल आणि पेन ड्राइव्ह पिशवीत टाकून घरोघरी गेले. सांगली, मिरज, इचलकरंजी. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी पुन्हा सगळं लग्न. एका आजींनी फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तूच बघ बाई, मला फक्त हिरवं बटण ठाऊक." त्यांच्या फोनवर आमच्या विहीणबाईंचा असा हसरा फोटो निघाला की तो बघून त्यांची स्वतःची सूनही म्हणाली, आमच्या आई इतक्या हसतात हे आम्हाला माहीतच नव्हतं.

दीड महिन्यात २,१०० च्या वर फोटो जमले.

मग बसले निवडायला. आपण पर्युषणात परिग्रहावर प्रवचन ऐकतो आणि घरी येऊन एकाच लाडवाचे चौदा फोटो साठवतो. दुपारचं आवरलं की रोज तासभर बसून गाळायचे, असं ठरवलं. डोळे मिटलेले काढले, तेच ते काढले, कुणी तोंडात घास घातलेले काढले. तीनशे ठेवायचे, बाकी सोडून द्यायचे.

हे गाळताना चौथ्या-पाचव्या दिवशी मी थांबले.

भाचीने काढलेली एक सेल्फी होती. पुढे चार पोरी ओठ काढून उभ्या, आणि मागे, कोपऱ्यात, एक बाई वाकून पातेल्याला गाळणं बांधतेय. आमच्या आक्का. माझ्या मोठ्या नणंद.

आक्कांविषयी सांगायला हवं. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले. त्यानंतर अकरा वर्षं त्या आमच्याकडे होत्या. मी शाळेत नोकरीला, सकाळी सातला घर सोडायची. लेकीची वेणी, डबा, ताप, गृहपाठ, णमोकार मंत्र पाठ करून घेणं, सगळं आक्कांनी केलं. मुलाने जयसिंगपुरात घर बांधलं तेव्हा त्या तिकडे गेल्या. लेक सासरी निघताना आधी आत्याच्या गळ्यात पडून रडली, मग माझ्या.

मी फोटोग्राफरकडून आलेला अल्बम काढला. जाडजूड, चौऱ्याऐंशी पानांचा. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत बोट फिरवत गेले. आक्का एकाही पानावर नाहीत.

पहिल्यांदा राग आला तो फोटोग्राफरवर. मग आठवलं. लग्नाच्या आधी त्याने माझ्याकडे यादी मागितली होती, घरच्या कुणाकुणाचे फोटो स्टेजवर घ्यायचे त्याची. ती यादी मी केली होती, माझ्या हाताने. एकतीस नावं होती. व्याह्यांचे साडू होते, ह्यांच्या ऑफिसातले साहेब होते. आक्कांचं नाव नव्हतं. 'आक्का काही स्टेजवर यायच्या नाहीत,' असं मी मनात धरून चालले होते. त्यांना विचारलं नव्हतं. त्या व्रती मंडळींच्या चौक्याकडे बघत होत्या आणि मला ते सोयीचंही होतं.

मग मी गाळणं सोडून शोधायला लागले. एकवीसशे फोटोंत आक्का पाच वेळा सापडल्या. पाचही वेळा दुसऱ्याच कुणाच्या तरी मागे. त्यातला एक मुहूर्ताच्या वेळचा. मंगलाष्टकं चाललेली, सगळी गर्दी स्टेजकडे, आणि हॉलच्या अगदी शेवटी खांबापाशी आक्का, हात उंच करून अक्षता टाकताना. तिथून त्या अक्षता लेकीपर्यंत कधीच पोहोचणार नव्हत्या. तरी त्या टाकत होत्या.

मैत्रिणींनो, हे लिहायला जड जातंय. आपण स्वाध्यायात काय शिकतो? ज्याचं कर्म त्याच्यापाशी. एका जीवाचं अशुभ दुसऱ्याला चिकटत नाही. मग आक्कांच्या सावलीने माझ्या लेकीचं वाईट कसं होईल? हे मला कुणी विचारलं असतं तर मी दहा मिनिटं बोलले असते. दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांच्या कन्या मगनबाई तरुणपणी विधवा झाल्या. वडिलांनी त्यांना कोपऱ्यात न बसवता शिकवलं, आणि पुढे त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. हे मी स्वतः महिला मंडळात सांगितलेलं आहे. आणि घरच्या कार्यात मी काय केलं? 'तुम्ही येऊ नका' असं मी म्हटलं नाही. मी काहीच म्हटलं नाही. त्यांना त्यांची जागा माहीत आहे, असं धरलं. हे त्याहून वाईट.

दुसऱ्या दिवशी केबल आणि पेन ड्राइव्ह घेऊन मी जयसिंगपूर गाठलं. वाटेत लक्षात आलं, इतक्या घरी गेले, आक्कांना फोटो मागायचे मला सुचलंच नव्हतं.

"आक्का, तुमच्या फोनमधले फोटो द्या," मी म्हटलं.

"माझ्या फोनात काय असणार गं? सगळे हललेले असत्यात."

तरी दिला. तेवीस फोटो होते. निम्म्यांवर कोपऱ्यात त्यांचं बोट आलेलं. पण जे होतं ते दुसऱ्या कुणाकडेच नव्हतं. हळदीच्या दिवशी पहाटे लेक झोपलेली, मेंदीचे दोन्ही हात गोधडीबाहेर काढून. तिच्या लहानपणीचा पितळी डबा, जो आक्कांनी रुखवताच्या मागे गुपचूप ठेवला होता. खांबापासून दिसणारं लग्न, म्हणजे नुसती डोकी, फेटे, आणि लांब कुठेतरी लाल ठिपक्यासारखी नवरी.

आणि एक माझा. भटारखान्याच्या पायरीवर बसून मी ताटलीतला गार भात खातेय. पदर खोचलेला, केस सुटलेले, नजर कुठेच नाही. फोटोवर वेळ होती संध्याकाळचे ६ वाजून २० मिनिटं.

"हा कशाला काढलात?" मी विचारलं.

"सकाळपास्नं तुझ्या पोटात काही नव्हतं. दिवस मावळायला दहा मिनिटं राहिली तेव्हा मीच ताटली आणून दिली की. विसरलीस? म्हटलं, पोरीला दाखवू, तुझी आई कशी दिसत होती बघ."

मी विसरले होते. ताटली कुणी आणून दिली हेही मी बघितलं नव्हतं. सबंध दिवसात त्यांनी मला बघितलं, मी त्यांना नाही.

माझ्या पिशवीत ती यादी होती, एकतीस नावांची. मी ती त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, "आक्का, यात तुमचं नाव मी लिहिलं नाही. चुकलं माझं." क्षमावाणीला आपण 'मिच्छामि दुक्कडं' म्हणतो ते वर्षाचं सगळं मिळून. हे एवढं एक मला नेमकं मागायचं होतं. फोटोसारखंच. सगळं मिळून मागितलं की कशाचीच क्षमा मागितल्यासारखं होत नाही.

त्यांनी यादी वाचली, घडी केली, परत दिली. थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मी आले नसते तरी विचारायचं होतंस." आणि उठून चहा ठेवायला गेल्या. मीही मागे गेले. त्याहून जास्त बोलणं झालं नाही आणि झालं नाही तेच बरं.

तीनशेऐवजी आता तीनशे तेवीस फोटो आहेत. आक्कांचा एकही गाळला नाही, बोट आलेलेसुद्धा. त्यांचा एक वेगळा लहान अल्बम सांगलीत छापून घेतला आणि लेकीला पाठवला. झोपलेला फोटो बघून तिने आधी मला नाही, आत्याला फोन लावला.

दिवाळीनंतर आमच्या पुतण्याचं लग्न आहे. जाऊबाईंनी यादी करायचं काम माझ्याकडेच दिलंय. पहिलं नाव आक्कांचं लिहिलं आणि या वेळी त्यांना विचारलंही. त्यांनी अजून हो म्हटलेलं नाही. "बघू" म्हणाल्यात. मी पुन्हा विचारणार आहे.

तुमच्याकडे या हंगामात कार्य असेल तर चार गोष्टी सांगते. लिंक आणि कोड आधीच तयार ठेवा. फोटो आठवड्याच्या आत, एकेकीला नाव घेऊन मागा. पोरींचे नाचाचे, आवरतानाचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय स्टेटसला लावू नका, आणि सगळे फोटो आले की अल्बमची लिंक बंद करा, कारण लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला सगळं दिसतं. आणि फोटोग्राफरला यादी देण्याआधी ती एकदा शांत बसून वाचा. कोण आहे ते नाही, कोण नाही ते बघा.

जय जिनेंद्र.