जू मानेवर येताना

गुडघ्याच्या दुखण्यातून उठल्यावर भोकरदनजवळच्या गावी काकांकडे राहायला गेलो. त्याच दिवसांत ते गोऱ्ह्याला गाडीची सवय लावत होते. आधी नुसतं जू, तेही जुन्या, शांत बैलाच्या जोडीनं. मग मागे ओंडका, मग रिकामी गाडी. चाकांच्या खडखडाटानं गोऱ्हा बिथरला की काका थांबत, गळ्याखाली खाजवत, नावानं हाक मारत.

आर लावलेली पराणी त्यांच्या गोठ्यात नाहीच. ओढकामाच्या जनावरांसाठीच्या १९६५च्या केंद्रीय नियमांनीही ती वर्ज्य केली आहे. दिवसाला ९ तासांहून जास्त जुंपायचं नाही, पारा ३७ अंशांवर गेला तर दुपारी १२ ते ३ अजिबात नाही. जालन्याचा उन्हाळा सोसलेल्या मला हे शेवटचं कलम फार मोलाचं वाटतं.

गाडीला जुंपले गेले ते फक्त बैलच नव्हेत; बेल्जियममध्ये कुत्री दुधाच्या गाड्या ओढत. १९१४च्या युद्धात मशीनगनसुद्धा. त्यांच्या अंगावर पहिला पट्टा कुणी, कसा चढवला असेल?

पहिल्यांदा जू टेकलं तेव्हा आमच्या गोऱ्ह्याची कातडी थरथरली, तरी तो उभा राहिला. ती थरथर मनातून जात नाही. हा विश्वास की नाइलाज? काकांना विचारलं.

“संध्याकाळी वैरण नीट खातो का, ते बघ,” ते म्हणाले.

खात होता.