विसाव्याचे रंग

चित्रांतील माणसाला नाकडोळे असलेच पाहिजेत, अशी आपणां सुशिक्षितांची समजूत असते. मार्सेयचा फ्रेंच चित्रकार मोंतिसेली (१८२४–१८८६) याचीं उद्यानचित्रें तिला जुमानीत नाहींत. वृक्षांच्या छायेंत रेशमी वस्त्रें ल्यालेल्या स्त्रिया विसांवलेल्या असतात. पण जवळ जावें, तों रंगाच्या जाड थरांखेरीज दृष्टीस कांहीं पडत नाहीं. चार पावलें मागें सरावें, कीं त्याच थरांतून झगे झळकूं लागतात. चेहरे मात्र बहुधा पुसटच राहतात. व्हॅन गॉगची व त्याची भेट कधीं झाली नाहीं; तरी हीं चित्रें पाहून व्हॅन गॉग स्वतःस त्याचा वारस समजे.

चेहरे असे पुसट कां, याचें उत्तर मला माझ्या घरांतच सांपडलें. आईला जाऊन बरींच वर्षें झालीं. तिचा चेहरा आतां आठवणींतून विरत चालला आहे. परंतु दुपारचीं कामें आटोपून ती परसांतल्या मोगऱ्यापाशीं घटकाभर टेंकत असे, तेव्हांचा तिच्या लुगड्याचा अंजिरी रंग अजून जसाच्या तसा डोळ्यांपुढें उभा राहतो. दिवसाकांठीं तिला मिळणारा विसावा तेवढाच; म्हणूनच कीं काय, मनानें तो जाड रंगांत जपून ठेविला आहे.