खरखरीत कड

गतवर्षी पावसाळ्यात गोव्यातील आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत आम्ही एक नवा उद्योग आरंभिला. विषय आमचा मराठी. परंतु चित्रांचा नाद जुना. तांबटाकडून पत्र्याचे तुकडे आणिले, बांबूच्या काडीत ग्रामोफोनची सुई बसविली आणि ‘ड्रायपॉइंट’ नावाच्या पद्धतीने चित्रे छापावयास मुलांसह बसलो.

तांब्यावर कोरणे आपणांस अपरिचित नाही. प्राचीन राजांची दानपत्रे ताम्रपटांवर आहेत. मिरजेस १८०५ साली तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. मात्र नेहमीच्या कोरीव कामात हत्यार धातू काढून टाकते. ड्रायपॉइंटमध्ये सुई तो केवळ बाजूस सारते. नांगराच्या तासाकडेने माती उभी राहावी, तशी रेघेच्या काठाने तांब्याची सूक्ष्म, खरखरीत कड उठते. पत्र्यास शाई चोपडून पुसली, की ती रेघेत उरते, तशीच या कडेलाही बिलगून राहते. मग भिजविलेला कागद ठेवून पत्रा दोन रुळांमधून दाबून काढावयाचा.

त्या कडेचे मोल आम्हांस ठाऊक नव्हते. बोटास ती बोचली, तेव्हा आम्ही बारीक काचकागदाने घासून पत्रा गुळगुळीत केला. छाप निघाला तो फिका. रेघा केसासारख्या कृश. शेजारी आठवीतील एका मुलाने घरामागचा ओढा काढिला होता. घासण्याचा त्याने कंटाळा केला होता. त्याच्या छाप्यात मखमलीसारखा काळोख दाटला होता. दोन्ही पत्र्यांवरून बोट फिरविले, तेव्हा उमगले, की आम्ही घासून टाकिली ती घाण नव्हती.

मग प्रयोगांस ऊत आला. सुई उभी धरली तर दोन्ही अंगांस थोडी थोडी कड. तिरपी धरली तर एकाच अंगास अधिक. नव्या पत्र्यावर काचकागद फिरविला, त्याचे धूसर आभाळ झाले. खिळ्याने टोचले, त्याची पावसाची झड झाली. डच चित्रकार रेम्ब्रांट याने १६५३ साली ‘तीन क्रूस’ हे चित्र याच पद्धतीने काढिले. परंतु दाबाखाली ही कड लवकर चेपते. दहा-वीस छाप्यांनंतर काळेपण ओसरते. त्याचाही पत्रा झिजला, तेव्हा त्याने तो टाकिला नाही. त्यावरच पुन्हा रेघा ओढून चित्राचे रूप पालटले.

त्याच सायंकाळी निबंधाच्या वह्या पाहताना त्या मुलाची वही हाती आली. ‘पावसात आमच्या घरामागचा व्हाळ भरून येतो,’ असे त्याने लिहिले होते. ‘व्हाळ’ या शब्दावर तांबडी रेघ मारून आम्हीच वर ‘ओढा’ लिहिले होते. वास्तविक आमच्याही घरी आई ‘व्हाळ’च म्हणते, ‘ओढा’ आम्ही पुस्तकात वाचला. शुद्धलेखन शिकविणे आमचे कर्तव्य आहे व ते आम्ही सोडणार नाही. परंतु त्या वहीवर आम्ही किती वर्षांचा काचकागद फिरवीत आलो, याची त्या क्षणी लाज वाटली.

तांब्यावरील रेघेप्रमाणे तांबड्या शाईचीही रेघ सहज पुसता येत नाही. ती तशीच ठेविली आणि बाजूस लिहिले: ‘व्हाळ राहू द्यावा.’